काळ्या तबकडीची जगप्रदक्षिणा

१९२८ च्या मार्च महिन्यात झांजिबार बेटावरील गायक-वादकांचा एक छोटा ताफा समुद्रमार्गे मुंबईत दाखल झाला. ताफ्याची प्रमुख होती सिती बिन्ती साद. तरुणपणी मातीची भांडी विकून गुजराण करणारी ही स्त्री तोवर बेटावर गायिका म्हणून नावारूपाला आली होती. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ‘तारब’ या गायनप्रकाराला मोठी प्रतिष्ठा होती. परंतु सुलतानाच्या दरबारात तो अरबी भाषेत गायला जाई. सितीने तो स्वाहिलीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या सामान्य माणसाच्या बोलीत आणला. तिचा आवाज तबकडीवर उतरवण्यासाठी ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ या छापाच्या मालकांनी, लंडनच्या ग्रामोफोन कंपनीने, मुंबईची निवड केली. व्यापारी तबकडीसाठी गाणारी पूर्व आफ्रिकेतील पहिली स्त्री म्हणून सितीचे नाव आज घेतले जाते.

भांडवल लंडनचे, जागा मुंबईची, चालींचे वळण कैरोचे, शब्द स्वाहिली, आणि तबकड्या ज्या लाखेच्या बनत ती बहुतांशी हिंदुस्थानच्या जंगलांतली! ‘जागतिकीकरण’ हा शब्द मराठी वृत्तपत्रांत रुळला तो १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर. लोकप्रिय संगीताच्या व्यवहारात ती प्रक्रिया त्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती, आणि सर्वसाधारण समजुतीपेक्षा वेगळ्या वाटेने पुढे गेली. पाश्चात्त्य गाणे जगावर लादले गेले, अशी ती समजूत आहे. प्रत्यक्षात सुरुवातीच्या कंपन्यांनी ज्याला त्याला त्याचेच गाणे विकले. एका बंदरासाठी घडवलेले गाणे दुसऱ्या बंदरात पोहोचले आणि तिथे रुजले, हे नंतरचे. आणि कंपन्यांनी त्याचा फारसा बेत आखला होता असेही नाही.

यंत्र खपवायचे तर गाणे हवे

थॉमस एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला तेव्हा आवाज नळकांड्यावर कोरला जात असे. या नळकांड्याच्या प्रती काढणे सुरुवातीच्या काळात फार कटकटीचे होते. गायकाला तेच गाणे पुन्हापुन्हा गावे लागे. एमिल बर्लिनरने १८८७ मध्ये ग्रामोफोनचे पेटंट घेतले. त्याने नळकांड्याऐवजी सपाट चकती वापरली. मूळ चकतीवरून धातूचा उलटा साचा काढायचा आणि त्या साच्याने हव्या तितक्या प्रती दाबून काढायच्या, ही त्यातील खरी युक्ती. एडिसनने आवाज साठवला. बर्लिनरने त्याचा छापखाना काढला, असे म्हणता येईल.

प्रती दाबण्यासाठी आधी कठीण रबर वापरले गेले. १८९० च्या दशकाच्या अखेरीस त्याची जागा लाखेने घेतली. पळस, बोर अशा झाडांवरील किड्यांपासून मिळणारी, सोनार आणि बांगडीवाले पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलेली हीच ती लाख. तिच्यात दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून केलेला लगदा गरम असताना दाबला की तबकडी तयार. छोटा नागपूरच्या जंगलांत झाडावरची लाख खरवडणाऱ्या आदिवासींचा मिलान आणि न्यूयॉर्कच्या संगीताशी असा संबंध होता. त्यांच्यापर्यंत ते संगीत कधी पोहोचले असेल, ही शंका वेगळी.

ग्रामोफोन कंपनी १८९८ मध्ये लंडनमध्ये स्थापन झाली. तबकड्या दाबण्याचा कारखाना बर्लिनरच्या जन्मगावी, जर्मनीतील हानोव्हरला होता. कंपनीला मुख्यतः यंत्रे विकायची होती. परंतु ज्या यंत्रावर वाजवायला आपल्या ओळखीचे काही नाही, असे महागडे यंत्र कलकत्त्याचा जमीनदार किंवा टोकियोचा व्यापारी कशासाठी घेईल? त्याला इटालियन ऑपेराचे फार तर कुतूहल वाटेल. म्हणून कंपनीने आपला ध्वनिमुद्रक फ्रेड गेसबर्ग याला सामानसुमानासह पूर्वेकडे धाडले. याच गेसबर्गने १९०२ च्या एप्रिलमध्ये मिलानच्या एका हॉटेलात एन्रिको कारुझो या तरुण गायकाची दहा गाणी १०० पौंडांत मुद्रित केली होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो कलकत्त्यात मुक्कामी होता.

कलकत्त्यात त्याने बंगाली रंगभूमीवरील गायिका मुद्रित केल्या आणि गौहर जान हिला मुद्रित केले. आझमगढला आर्मेनियन वंशाच्या ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेली गौहर तेव्हा कलकत्त्यातील सर्वांत नामांकित तवायफ होती. तिच्या तबकडीच्या शेवटी ती इंग्रजीत स्वतःचे नाव सांगते, हे अनेकांनी ऐकले असेल. हानोव्हरच्या कारखान्यातील कामगारांना गायिका ओळखता यावी यासाठी ही घोषणा करून घेतली जाई, असे त्याचे कारण दिले जाते. तेथून गेसबर्ग जपान, चीन, सयाम, ब्रह्मदेश असा फिरत १९०३ मध्ये लंडनला परतला. टोकियोतच त्याने २७३ गाणी घेतली, तर साऱ्या दौऱ्यात सुमारे १७००. मुद्रित मेणाच्या तबकड्या पेट्यांत भरून हानोव्हरला जात आणि तयार माल जहाजाने पुन्हा त्याच शहरांत विकायला येई. कलकत्त्याचे गाणे जर्मनीला जाऊन कलकत्त्याला परत येई, असा हा द्राविडी प्राणायाम १९०८ मध्ये सियालदहचा कारखाना सुरू होईपर्यंत चालला.

गेसबर्गला यातील बहुतेक भाषा येत नव्हत्या. कोणाला गायला बसवायचे, हे स्थानिक दलाल आणि दुकानदार ठरवीत. त्यामुळे या पहिल्या मुद्रणांतून ‘देशाचे संगीत’ असे काही प्रातिनिधिक चित्र मिळत नाही. बाजारात काय खपेल याविषयीचे दलालांचे अंदाज मात्र मिळतात. पण याच कारणाने एक गोष्ट घडली. अनेक खानदानी उस्तादांनी कर्ण्यासमोर बसायला नकार दिला. आपली विद्या चोरीला जाईल, पानपट्टीच्या दुकानात वाजेल, अशी त्यांची धास्ती होती. अल्लादिया खाँसाहेबांच्या आवाजाची एकही तबकडी आज उपलब्ध नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांनी १९०४-०५ च्या सुमारास तबकड्या दिल्या, ते अपवादातले. ही मोकळी जागा तवायफांनी आणि नाटकातील स्त्रियांनी व्यापली. ज्या घरांत त्यांना उंबरठा ओलांडू दिला नसता, त्या घरांच्या दिवाणखान्यात त्यांचा आवाज पोहोचला.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. तासभर रंगणारा ख्याल त्यात बसवायचा कसा, हा प्रश्न प्रत्येक गायकासमोर होता. आलाप आटोपता घेणे, बंदिश लगेच मांडणे, द्रुत तानांनी शेवट करणे ही तडजोड रूढ झाली. ही कैची एकट्या हिंदुस्थानी संगीतावर चालली नाही. ब्वेनोस आयर्सचा टँगो, हवानाचा ‘सोन’, अमेरिकेतील ब्लूज यांची लांबीही त्याच चकतीने ठरवली. जगभरच्या लोकप्रिय गाण्याला आज जो साधारण तीन-चार मिनिटांचा घाट आहे, त्याचे एक मूळ या लाखेच्या चकतीत आहे.

घरातले ‘परदेशी’

आशियात आणि युरोपात जे केले तेच अमेरिकी कंपन्यांनी आपल्या देशात केले, ही बाब सहसा दुर्लक्षित राहते. १९०७ च्या करारानुसार ग्रामोफोन कंपनी आणि अमेरिकेची व्हिक्टर कंपनी यांनी जग आपसात वाटून घेतले होते. अमेरिका खंड, चीन, जपान, फिलिपिन्स व्हिक्टरकडे, उरलेले बहुतेक सारे लंडनकडे. जर्मनीच्या ओडियन आणि बेका, फ्रान्सची पाथे या प्रतिस्पर्धी कंपन्या सर्वत्र घुसखोरी करीतच होत्या. अमेरिकेत पोलिश, ग्रीक, आयरिश, यिद्दिश भाषकांच्या मोठ्या वस्त्या होत्या. त्यांच्यासाठी खास परदेशी मालिका निघाल्या आणि खपल्या. मग कंपन्यांचे लक्ष आणखी जवळ गेले. १९२० मध्ये ओके कंपनीने मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेची ‘क्रेझी ब्लूज’ ही तबकडी काढली आणि कृष्णवर्णीयही तबकड्या विकत घेतात, याचा व्यापाऱ्यांना शोध लागला. १९२३ मध्ये त्याच कंपनीच्या राल्फ पीर यांनी अटलांटा येथे जॉन कार्सन या वयस्क फिडलवादकाला मुद्रित केले. पीर यांना त्याचे गाणे मुळीच आवडले नव्हते. तबकडी भराभर संपली, आणि डोंगराळ भागातील गोऱ्या ग्रामीणांसाठी वेगळी मालिका काढावी लागली. आजचे ‘कंट्री’ संगीत एक व्यापारी प्रकार म्हणून तेथून सुरू होते.

१९२७ च्या उन्हाळ्यात पीर यांनी टेनेसी राज्याच्या सीमेवरील ब्रिस्टल गावात काही दिवस तळ ठोकला. तिथे आलेल्यांत रेल्वेत काम केलेला, क्षयाने पोखरलेला जिमी रॉजर्स हा गायक होता. त्याच्या तबकड्या अफाट खपल्या. १९३३ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी तो वारला. त्याची कथा येथे संपायला हवी होती. परंतु तबकड्यांना देशांच्या सीमा ठाऊक नव्हत्या. १९५० मध्ये ह्यू ट्रेसी हे संशोधक केनियाच्या पश्चिमेकडील किप्सिगिस लोकांची गाणी मुद्रित करीत हिंडत असता मुलींच्या एका गटाने ‘चेमिरोचा’ नावाच्या कोणा अद्भुत जीवाला उद्देशून गाणे गायले. अर्धा मनुष्य, अर्धा हरिण असे त्याचे वर्णन ट्रेसींना सांगण्यात आले. ‘चेमिरोचा’ म्हणजे जिमी रॉजर्स. कधीतरी ग्रामोफोनवर ऐकलेला, गळ्यातून विचित्र स्वर काढणारा तो गायक आता त्यांच्या दंतकथेत जाऊन बसला होता. कोणत्याही कंपनीच्या विक्री खात्याने हे घडवून आणले नव्हते.

मायक्रोफोन आणि बंदरे

१९२५ पर्यंतचे ध्वनिमुद्रण यांत्रिक होते. गायकाने कर्ण्यात तोंड घालून खड्या आवाजात गायचे. ढोल-ताशे लांब कोपऱ्यात ठेवायचे, नाही तर सुई उडे. त्या वर्षी विजेवर चालणारे मुद्रण आले, मायक्रोफोन आला. हळुवार आवाज, गिटारची छेड, तालवाद्यांचा ठेका हे सारे पहिल्यांदा नीट उमटू लागले. पुढच्या पाच-सहा वर्षांत कंपन्यांनी जगभर मुद्रणाची जी झोड उठवली, तिचा अभ्यास अमेरिकी प्राध्यापक मायकेल डेनिंग यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केला आहे. हे संगीत प्रामुख्याने बंदरांच्या शहरांतून उगवले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हवाना, ब्वेनोस आयर्स, होनोलुलू, जकार्ता, झांजिबार ही सारी वसाहतींच्या व्यापाराची ठाणी. गोदी कामगार, खलाशी, मोलकरणी, फेरीवाले यांच्या वस्त्यांत घडलेले ते गाणे होते. डेनिंग यांनी त्यात वसाहतवादाविरुद्धच्या बंडाची चाहूल शोधली आहे. ती प्रत्येक ठिकाणी पटेलच असे नाही. बंदरांविषयीचे त्यांचे निरीक्षण मात्र नाकारणे कठीण आहे.

याचे सर्वांत लख्ख उदाहरण म्हणजे क्यूबा आणि काँगो. क्यूबातील ‘सोन’ या प्रकारात स्पॅनिश गिटार आणि गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांचे ताल एकत्र आले होते. हवानाच्या डॉन आस्पियासू यांच्या वाद्यवृंदाने १९३० मध्ये न्यूयॉर्क येथे ‘एल मानिसेरो’ मुद्रित केले. शेंगदाणे विकणाऱ्याची हाळी असलेल्या या गाण्याने अमेरिका-युरोपात ‘रुम्बा’ची लाट आणली. १९३३ पासून ग्रामोफोन कंपनीने अशी क्यूबन गाणी ‘जीव्ही’ या क्रमांकमालिकेत आफ्रिकेत विकायला सुरुवात केली. हेतू साधा होता. माल तयार होता, नव्याने मुद्रणाचा खर्च नव्हता. पण काँगो नदीकाठच्या लिओपोल्डव्हिल (आजचे किन्शासा) शहरात लोकांनी ती ऐकली तेव्हा त्यांना ती परकी वाटली नाहीत. शब्द कळत नव्हते, ताल मात्र ओळखीचा होता. शेकडो वर्षांपूर्वी जहाजांच्या तळघरांतून गेलेला तो ताल तबकडीवरून परत आला होता. स्थानिक वादकांनी पियानोचे तुकडे गिटारवर बसवले, स्पॅनिशच्या जागी लिंगाला भाषा आणली. १९४८ मध्ये वेंडो कोलोसॉय यांचे ‘मारी-लुईझ’ गाजले. १९६० मध्ये देश स्वतंत्र होण्याच्या वाटाघाटी ब्रुसेल्समध्ये चालू असताना ग्राँ काले यांच्या वाद्यवृंदाने ‘आँदेपाँदाँस चा चा’ रचले, आणि स्वातंत्र्याचे ते गाणे खंडभर वाजले. काँगोच्या रुम्ब्याला युनेस्कोने २०२१ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

भारतातही अशी वळणे आहेत. हवाई बेटांवरील, मांडीवर आडवी ठेवून पोलादी पट्टीने वाजवायची गिटार १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को प्रदर्शनानंतर अमेरिकेत लोकप्रिय झाली आणि तबकड्यांवरून जगभर गेली. ताऊ मो हे हवाईयन गिटारवादक १९४० च्या दशकात कुटुंबासह कलकत्त्यात राहिले. मींड काढता येते म्हणून हे वाद्य येथील संगीताला मानवले. त्यात फेरफार करून ‘मोहनवीणा’ घडवणारे विश्वमोहन भट्ट यांना १९९४ मध्ये राय कूडर या अमेरिकी गिटारवादकासमवेत ग्रॅमी पुरस्कार मिळाला. मुंबईत १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात टेडी वेदरफर्ड यांच्यासारखे कृष्णवर्णीय अमेरिकी जॅझवादक वाजवीत. तोच बाज गोव्याच्या वादकांनी तबकड्या ऐकून आणि प्रत्यक्ष साथ करून उचलला. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ, यांनी सी. रामचंद्र यांच्यासोबत काम केले. १९५१ च्या ‘अलबेला’तील संगीतावर त्याची खूण स्पष्ट आहे. पुणतांब्याचा संगीतकार, गोव्याचा वादक आणि न्यू ऑर्लिन्सचे वळण असा हा मेळ भगवानदादांच्या नाचाखाली सहज मिसळून गेला.

दहा शिलिंग

गाणी बंदरोबंदरी गेली, त्यांचा पैसा मात्र फारसा हिंडला नाही. बहुसंख्य गायकांना एकरकमी बिदागी मिळे. तबकडी किती खपली याच्याशी त्यांचा संबंध उरत नसे. कारुझोसारख्यांना हप्त्याहप्त्याने स्वामित्वधन मिळाले, ते थोड्यांच्या नशिबी. गौहर जान १९३० च्या जानेवारीत म्हैसूर दरबाराच्या नोकरीत असताना वारली, तेव्हा तिचे वैभव ओसरलेले होते.

सर्वांत बोचरे उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे आहे. सॉलोमन लिंडा या झुलू गायकाने १९३९ मध्ये जोहान्सबर्गच्या गॅलो कंपनीसाठी ‘एम्बुबे’ (अर्थ : सिंह) हे गाणे आपल्या साथीदारांसह मुद्रित केले. ती तबकडी अमेरिकेत लोकगीतांचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांच्यामार्फत पीट सीगर यांच्याकडे गेली. त्यांच्या ‘वीव्हर्स’ गटाने ते ‘विमोवे’ म्हणून गायले. १९६१ मध्ये ‘टोकन्स’ गटाने त्याला इंग्रजी शब्द जोडून जगभर गाजवले, आणि १९९४ च्या ‘द लायन किंग’ या चित्रपटातही ते आले. लिंडा याने गाण्याचे हक्क अवघ्या दहा शिलिंगांना लिहून दिले, असे सांगितले जाते. तो १९६२ मध्ये गरिबीत वारला. रियान मालान या पत्रकाराने २००० मध्ये हे प्रकरण सविस्तर मांडले, दावे उभे राहिले आणि २००६ मध्ये त्याच्या मुलींच्या बाजूने तडजोड झाली. ज्यांच्या कथेला असा पत्रकार भेटला नाही, त्यांची मोजदाद कोणी केलेली नाही.

महामंदीने कंपन्यांचेही कंबरडे मोडले. अमेरिकेत १९२७ साली सुमारे १० कोटी ४० लाख तबकड्या खपल्या होत्या. १९३२ मध्ये तो आकडा ६० लाखांवर आला. १९३१ मध्ये ग्रामोफोन कंपनी आणि कोलंबिया यांच्या विलीनीकरणातून ईएमआय जन्माला आली आणि पूर्वीचे प्रतिस्पर्धी एका छपराखाली गेले. दुसऱ्या महायुद्धात भारतीय लाखेचा पुरवठा अडला. १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने लाखेच्या नागरी वापरात ७० टक्के कपात केली. नव्या तबकडीसाठी जुनी परत द्यावी लागे, आणि जुनी वितळवली जाई. त्यात काय काय गेले, हे आता कळणे अशक्य आहे. ईएमआयचा ध्वनिमुद्रण व्यवसाय २०१२ मध्ये युनिव्हर्सलने घेतला. भारतातील तिची शाखा २००० मध्ये ‘सारेगामा’ झाली. हिंदुस्थानी तबकड्यांचा मोठा ठेवा तिच्याकडे आहे.

कायद्याने हा वारसा हळूहळू मोकळा होतो आहे. भारतात ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो. अमेरिकेत १९२३ पूर्वीची सारी मुद्रणे १ जानेवारी २०२२ रोजी खुली झाली. गौहर जान आता कोणाच्याही मालकीची नाही. पण हक्क मोकळा झाला म्हणून तबकडी मिळतेच असे नाही. ती मिळते चोरबाजारात, माळ्यावर, नाही तर एखाद्या संग्राहकाच्या कपाटात. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने या विखुरलेल्या संग्राहकांना एकत्र आणले. परदेशी कंपन्यांशी स्पर्धा करण्यासाठी १९३५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘यंग इंडिया’ या देशी छापाच्या तबकड्या ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातील दप्तरांसाठीच्या योजनेतून संगणकीय रूपात जतन झाल्या आहेत.

हे जतनाचे कामही दिसते तितके सरळ नाही. पोलादी सुई प्रत्येक वादनात खोबणी थोडी खरवडते, त्यामुळे घरोघरी सर्वाधिक वाजलेल्या तबकड्याच आज सर्वाधिक खरखरतात. कोरीकरकरीत सापडते ती बहुधा न खपलेली. शिवाय मिनिटाला ७८ फेरे हा वेग सुरुवातीच्या वर्षांत कोणी काटेकोर पाळत नसे. काही तबकड्या ७० च्या आसपास मुद्रित झाल्या, काही ८० च्या पुढे. वेग बदलला की पट्टीही बदलते. सव्वाशे वर्षांपूर्वीची एखादी गायिका काळी चारमध्ये गात होती की पांढरी पाचमध्ये, हे हार्मोनियम जवळ घेऊन, तबकडी पुन्हापुन्हा लावून, तिच्या श्वासाच्या आणि उच्चाराच्या गतीवरून संग्राहकाला ठरवावे लागते. दोन संग्राहकांची उत्तरे अनेकदा जुळत नाहीत.